तिसरा भंडारा

किराळ लागलेली मेंढी फार वेळ देत नाही. मान टाकते, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो आणि बघता बघता धडधाकट जनावर आडवं होतं. झरीच्या शिवारात ज्वारी निघून गेली होती, मध्येच अवकाळी पाऊस झोडपून गेला आणि धसकटांना कोवळे हिरवे फुटवे आले. हे फुटवे म्हणजेच किराळ, मेंढीला जहर. धनगराच्या घरात ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. पण त्या दुपारी धोंडीबा बांधावरच्या बाभळीखाली पिऊन पालथा पडला होता, पटका एकीकडे, काठी दुसरीकडे. राखणदारच आडवा झाल्यावर कळपाला कोण अडवणार?

त्याची बायको अंबाबाई घागर घेऊन आली तोवर दोन मेंढ्या गेल्या होत्या. तिनं घागर टाकली, पालावरनं गूळ आणला, पाण्यात कालवला आणि एकेका मेंढीचा जबडा उघडून ओतत सुटली. लेक बिरदेव जनावरांच्या डॉक्टरला फोन करत वावरभर पळत होता. डॉक्टर आला, सुया टोचल्या, काही वाचल्या. पाच गेल्या. त्यांतल्या दोन गाभण होत्या.

संध्याकाळी बिरदेवनं बापाच्या उशाची काठी उचलली आणि आपल्याजवळ ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अंबाबाईला वाटलं.

दारू काही धोंडीबानं विकत आणली नव्हती. त्या भागात शेतात मेंढ्या बसवल्या की मालक धान्य देतो आणि पहिल्या संध्याकाळी कळपाच्या म्होरक्याला एक बाटली पाठवतो. मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत वावराला आणि बाटली म्होरक्याला, अशी जुनी रीत. बन्सीधर मालक रीतीचा पक्का माणूस. यंदा त्याची बाटली संध्याकाळची वाट न बघता सकाळीच आली होती, सालगडी माऊलीच्या हातानं. धोंडीबानंही मग संध्याकाळची वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडीबाचा थोरला भाऊ मुंजाजी आला. पाच-सहा घरांचे कळप पावसाळ्याआधी जिंतूरकडच्या माळाला एकत्र निघायचे आणि त्या सगळ्यांत शब्द मुंजाजीचा चाले. त्यानं मेलेल्या मेंढ्या पुरलेली जागा पाहिली, वाकून एक ढेकूळ उचललं आणि टाकून दिलं.

"रविवारी बिरोबापुढं भंडारा उचलायचा. समद्यायसमोर. न्हाई उचलला तर यानं कळपासंग यायचं न्हाई. गावात ऱ्हावं, कुत्र्यावानी."

अंबाबाईनं पदर पुढं ओढला. "भावजी, दोनदा उचललाय त्यायनी."

"मग तिसऱ्यांदा उचलंल. देवाचा भंडारा काय संपत न्हाई."

भंडारा संपत नाही हे अंबाबाईलाही माहीत होतं. पण तिचा हिशेब वेगळा होता. बिरोबापुढच्या हळदीची चिमूट मुठीत धरून बोललेला शब्द मोडला, तर देव ज्यानं मोडला त्याला शिवत नाही. त्याच्या गोठ्यात नाहीतर घरात शिरतो. पहिला शब्द बिरदेवच्या लग्नात मोडला, तेव्हा घोडं गेलं. दुसरा दसऱ्याचा, त्यापायी आता मेंढ्या गेल्या. आता घरात शिल्लक काय होतं? सून विजयमाला, सहावा महिना सरत आलेली. तिसरा भंडारा उचलायचा म्हणजे त्या पोटातल्या जिवाची आण घालायची. आणि धोंडीबा तो मोडणार, हे अंबाबाईला सूर्य उगवणार इतकं पक्कं माहीत होतं. गावात मागं ठेवला तर दारूच्या दुकानाच्या पायरीवरच मरणार, हेही तितकंच पक्कं. इकडं आड, तिकडं विहीर.

*

बुधवारी सरकारी दवाखान्याची आशाताई धम्मशीला आली. विजयमालाच्या गोळ्या द्यायला ती पालावर येत असे. तिनं सुनेचं वजन घेतलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मग सासूकडं बघून म्हणाली, "तिला रगत कमी हाय ते कळलं. तुमाला काय झालंय?"

अंबाबाईनं सांगून टाकलं. सांगताना ती मेंढीच्या खुरातला काटा काढत होती, म्हणून डोळे वर करायची गरज पडली नाही.

"माझा भाऊ जातो परभणीला एका बैठकीला," धम्मशीला म्हणाली. "दर गुरुवारी. दारू सोडलेले आन् सोडायलेले, असे बसतात. उद्याचा महिन्यातला पहिला गुरुवार हाय. त्या दिवशी घरच्यायला बी बसू देतात."

"औषध देतात?"

"न्हाई."

"अंगारा?"

"न्हाई वं."

"मग शपथ घालत असतील."

"शपथ तर मुळीच न्हाई. आजच्या दिवसाला प्यायची न्हाई, एवढंच म्हणतात. उद्याचं उद्या."

अंबाबाईच्या हातातली मेंढी सुटून पळाली. "शपथ न्हाई? मग देतात तरी काय?"

"चा देतात," धम्मशीला म्हणाली.

असल्या बैठकीवर शहाण्या माणसानं विश्वास ठेवला नसता. पण शपथ नाही, हे दोन शब्द अंबाबाईला गुळासारखे लागले. रात्री तिनं धोंडीबाला सांगितलं. तो म्हणाला, "मी काय एकटाच पितो का जगात?" ती म्हणाली, "म्हणूनच बैठक भरती."

*

गुरुवारी दुपारच्या एसटीनं दोघं परभणीला उतरले. अंबाबाईच्या काखेत एक नवं घोंगडं होतं, अजून कुणी अंगावर न घेतलेलं. बैठक म्हटलं की महाराज असणार आणि महाराजाकडं रिकाम्या हातानं जात नाहीत.

धोंडीबानं सोमवारपासून घेतली नव्हती. घेतली नव्हती म्हणजे मिळाली नव्हती; बिरदेव त्याला नजरेआड होऊ देत नव्हता. त्याचे हात असे कापत होते की तिकिटाचे सुटे पैसे अंबाबाईनंच धरले. बसस्टँडच्या बाहेर दारूचं दुकान आलं तशी त्याची चाल मंदावली. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत पकडली आणि बाजारातून बोकड न्यावा तसा त्याला पुढं ओढला. माणसं बघत होती. बघू द्या, ती मनात म्हणाली, तुमच्या घरचं काही मी बघायला येत नाही.

तिनं एका रिक्षावाल्याला विचारलं, "दादा, दारू सोडायची बैठक कुठं हाय?"

"सोडायची ठाव न्हाई मावशी. प्यायची पायजे तर सोडतो तिथवर."

त्याच्या जोडीदारांनी दात काढले. धोंडीबाही कसनुसा हसला, तशी अंबाबाईनं बाही आणखी करकचून धरली.

धम्मशीलानं खूण सांगितली होती: सायकलीच्या दुकानावरची माडी, जिन्याशी बारकी पाटी. पाटी अंबाबाईला वाचता येत नव्हती, धोंडीबालाही नाही, आणि त्या रस्त्याला सायकलीची दुकानंच तीन. पहिल्या माडीवर शिकवणी चालली होती. दुसऱ्या माडीला कुलूप. तिसऱ्या जिन्यावर मात्र वर दाराशी पुरुषांच्या चपलांचा ढीग होता, बूट होते, एक सँडल तुटका होता, आणि आतून आवाज काहीच नव्हता.

"एवढे बाप्ये एका खोलीत आन् भांडण न्हाई," अंबाबाई म्हणाली. "हीच ती."

आत जुनी सतरंजी, भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका मेजावर थर्मास. मेजाशी पांढऱ्या शर्टाचा पिकल्या केसांचा माणूस बसला होता. हाच महाराज. अंबाबाई सरळ गेली, घोंगडं त्याच्या पायाशी ठेवलं आणि डोकं टेकलं. तो माणूस चटका बसल्यासारखा उठला.

"बाई, बाई, उठा. इथं महाराज कोणी नाही. मी सुगत, शिंपीकाम करतो. मीही दारुडाच आहे."

"मग मोठे कोण हायत?"

"कोणी मोठं नाही. ते घोंगडं आम्हाला घेता येत नाही. बाहेरचं काही घ्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. तुम्ही आलात हेच पुष्कळ."

अंबाबाईनं घोंगडं उचललं. तिचं मन खट्टू झालं. जो देव काही घेत नाही तो काही देईल याचा भरवसा काय? धोंडीबाला घेऊन ती मागच्या कोपऱ्यात बसली. सुगतनं सगळ्यांना सांगितलं, इथं जे ऐकाल, ज्याला बघाल, ते इथंच ठेवून जायचं. जिन्याखाली न्यायचं नाही. मग एकेक जण बोलू लागला. नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं आणि मग आपलं काय ते. एकानं बायकोचं मंगळसूत्र विकलेलं सांगितलं. एक जण पोराच्या शाळेत पडला होता. कुणी हसत नव्हतं, कुणी चुकचुकतही नव्हतं. एवढी लाज उघड्यावर मांडलेली अंबाबाईनं कधी बघितली नव्हती आणि तिला मान कुठं वळवावी कळेना.

बैठक अर्ध्यावर आली असताना एक माणूस घाईनं आत आला आणि पुढं खिडकीपाशी बसला. इस्त्रीचा सदरा, बोटात अंगठी. त्याची पाठच दिसत होती, पण त्या पाठीमागून अंबाबाई कितीतरी उन्हाळे चालली होती. तिनं धोंडीबाला कोपर मारलं. त्यानं आधीच ओळखलं होतं.

"मी बन्सीधर. मी दारुडा हाय," मालक म्हणाला. आवाज एवढा बारीक की झरीत कुणी ओळखला नसता. "माझ्या वावरात औंदा मेंढ्या बसल्या. रीतीपरमानं बाटली द्यावी लागती. आणली आन् कपाटात ठिवली. रातभर डोळा लागला न्हाई. घरात ऱ्हाईली तर मीच फोडीन म्हणून सकाळच्यालाच सालगड्याच्या हातानं धाडून दिली. लय हलकं वाटलं मला. ज्याला दिली त्याचं काय हुईल, हे मनात आलं न्हाई." तो थांबला. "आलं हुतं. खोटं कशाला बोलू. म्हणलं, धनगर हाय, पचवंल. त्याच्या मेंढ्या मेल्या."

सुगतनं मान हलवली आणि कोपऱ्यातल्या नव्या माणसाकडं पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय का? नसेल तर नुसतं बसा."

धोंडीबा फौजदारापुढं उभं राहावं तसा हात जोडून उभा राहिला. "मी धोंडीबा," तो म्हणाला. मी दारुडा, हे काही त्यानं म्हटलं नाही. तो खाली बसला.

नाव ऐकून बन्सीधरनं मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा राख झाला. चहा येण्याआधीच तो निघून गेला.

परतीच्या एसटीत अंबाबाई धुमसत होती. "त्याच्या जिवावरची बला त्यानं आपल्या गळ्यात घातली. आन् आपुन पाया पडत हुतो त्याच्या."

धोंडीबा खिडकीबाहेर बघत होता. "पाठवली त्यानं. नरड्यात मी ओतली."

बरीच वाट गेल्यावर तिनं विचारलं, "पुन्हा यायचं का?"

"कुणी शिव्या दिल्या न्हाईत," तो म्हणाला. "लय अवघड वाटलं."

*

रविवारी माळावरच्या बिरोबापुढं पाच-सहा घरं जमली. ऊन असं की दगडावर पाय ठरेना. मुंजाजीनं भंडाऱ्याचं ताट धोंडीबापुढं धरलं. बिरदेव बाजूला उभा, हातात बापाची काठी. विजयमाला पोटावर हात ठेवून लिंबाच्या सावलीत बसली होती. अंबाबाईला फक्त तो हात दिसत होता.

"उचल," मुंजाजी म्हणाला.

"न्हाई उचलत," धोंडीबा म्हणाला.

कुजबुज उठली. मुंजाजीचं ताट हललं. "म्हंजी पिणार तू?"

"आज न्हाई पिणार."

"आन् उद्या?"

"उद्याचं उद्या सकाळी इचारा. दोनदा देवाला जल्माचा शबुद दिला आन् दोनदा खोटा केला. तिसऱ्यांदा देवाला फसवायचं न्हाई मला."

"हे कुणी शिकिवलं?"

"परभणीला बैठक असती."

"कुणाची? गटारीत लोळणाऱ्यायची?" मुंजाजी अंबाबाईकडं वळला. "तू नेलंस न्हवं याला? तिथं येणारा एक तरी आबरूदार माणूस सांग. एक नाव सांग. मग मी हे ताट खाली ठिवतो."

नाव अंबाबाईच्या जिभेवर होतं. ते नुसतं उच्चारायचं, की मुंजाजीचं तोंड बंद. ज्या मालकापुढं मुंजाजी कमरेत वाकतो, तोच मालक. शिवाय पाच मेंढ्यांचा वचपा निघाला असता तो वेगळाच. ते सांगायला तिनं तोंड उघडलंही. मग तिला इस्त्रीच्या सदऱ्यातली ती पाठ आठवली, आणि तो बारीक आवाज.

"नाव सांगायची तिथली रीत न्हाई," ती म्हणाली.

लोक हसले. बिरदेवनं मान खाली घातली. ती मान बघून अंबाबाईला रडू आलं, पण तिनं ते गिळलं.

तेवढ्यात चुलतसासू दगडाबाई काठी टेकत पुढं आली. दात एकही शिल्लक नाही, पण धार तीच. "मुंज्या, तो म्हणतो सकाळी इचारा. मग इचार की. रोज उठून तमाकू मळतोस, तव्हाच इचारायचं. तुला दुसरं काय काम हाय?"

आता लोक मुंजाजीला हसले. देवाला फसवायचं नाही म्हणणाऱ्याच्या हातात ताट तरी कसं कोंबणार? मुंजाजीनं ते देवापुढं आपटल्यासारखं ठेवलं. "येऊ दे कळपासंग. पण काठी बिरदेवची. यानं मागं चालायचं, कोकरं उचलायची. आन् ज्या दिवशी 'आज न्हाई' म्हणणार न्हाई, त्या दिवशी तिथूनच परत."

कोकरं उचलून मागं चालणं म्हणजे बायका-पोरांचं काम. धोंडीबानं मान डोलावली.

सोमवारी मुंजाजी खरंच आला, तमाकू मळत. "काय रं?" "आज न्हाई," धोंडीबा म्हणाला. एवढंच. पण त्याच्या मागोमाग माऊली आला, सालगडी, आणि अंगठ्यानं मागं दाखवत म्हणाला, "मालकानं सांगितलंय, आजच्या आज मेंढ्या उठवा. धान्य समदं घेऊन जा, पण उठवा."

बिरदेव तडकला. "कामून? अजून आठ दिस बसायच्या ठरल्यात! आबा, तुमी काय बोललात मालकाला?"

धोंडीबानं अंबाबाईकडं पाहिलं, अंबाबाईनं धोंडीबाकडं. मालकाला आता यांचं तोंड बघवत नव्हतं, हे दोघांनाच ठाऊक. "काय न्हाई बोललो," धोंडीबा म्हणाला आणि कळपाभोवतीच्या वाघरीचं जाळं सोडायला लागला. भर उन्हात त्यांनी खुंट्या उपटल्या, जाळं गुंडाळलं आणि कळप सडकेकडच्या पडीक जमिनीवर नेला, जिथं गवताची काडी नव्हती. बिरदेव तीन दिवस बापाशी बोलला नाही. कोकरं काखेत मारून धोंडीबा मागून चालला, आणि त्याच्यामागं अंबाबाई, मनातल्या मनात बन्सीधरला एकेक शिवी जुळवत. चांगल्या ठेवणीतल्या शिव्या जमल्या होत्या.

*

पुढचा गुरुवार महिन्यातला पहिला नव्हता, म्हणून घरच्यांना आत बसू देत नव्हते. धोंडीबा आत गेला. अंबाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर चपलांशेजारी बसली. दारूच्या दुकानावरून त्याला एकटा जाऊ देण्याची तिची अजून छाती नव्हती.

बैठक सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. खाली रिक्षा थांबली आणि जिन्याचा कठडा धरत, एक पायरी चढत, एक चुकवत बन्सीधर मालक वर येऊ लागला. वास आधी आला. सदऱ्याची इस्त्री मोडलेली, एक गुंडी तुटलेली. अंबाबाईला बघून तो मध्येच थबकला.

"तू सांगितलंस का झरीत?"

"न्हाई मालक."

"बिरदेवला?"

"न्हाई."

"मेंढ्या उठवल्या तरी?"

"तरी बी न्हाई."

तो तिथंच पायरीवर बसला. जुळवून ठेवलेल्या सगळ्या शिव्या अंबाबाईच्या तोंडाशी आल्या होत्या. समोर बसलेल्या माणसाचे हात तिच्या नवऱ्यासारखेच कापत होते. शिव्या निघेनात, याचाच तिला राग आला.

"जातो मी," बन्सीधर म्हणाला. "अशा तोंडानं वर कसा जाऊ."

दार उघडलं. आवाज ऐकून धोंडीबा बाहेर आला होता. तो बायकोकडं न बघता खाली उतरला आणि मालकासमोर उभा राहिला.

"वर चला, मालक."

"मी पिलेलो हाय, धोंडीबा. तुला कळंना का?"

"कळायलंय. आत न पिलेला कोण हाय?"

"तुझ्या मेंढ्या..."

"मेंढ्यांचं वावरात बोलू," धोंडीबा म्हणाला. मालक हलेना. धोंडीबानं एकवार दाराकडं पाहिलं, मग वाकून त्याचं मनगट धरलं. "ऊठ, बन्सीधर."

अंबाबाईनं पदर तोंडाशी नेला. त्यांच्या घरातल्या सात पिढ्यांत कुणी मालकाला नावानं हाक मारली नव्हती. आता काय होतं या भीतीनं ती कठड्याला चिकटली. बन्सीधरनं धोंडीबाकडं बघितलं आणि उठला. दोघं तिच्या शेजारून गेले. दार पुरतं लागलं नाही.

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मग धोंडीबाचा आवाज आला, कळपाला हाक घालताना असतो तसा खणखणीत.

"मी धोंडीबा. मी दारुडा हाय. आन् ह्यो माझ्यासंग आलाय."